पहिल्या उड्डाणापूर्वीं

विजेच्या पंख्यावर चालणारें बिनतारी जेट विमान हातीं येतांच उडविण्याचा मोह होतो. परंतु पहिल्या उड्डाणाचा निकाल जमिनीवरच लागत असतो. प्रथम बॅटरी बसवून, पंखांखालीं नेमल्या ठिकाणीं बोटें टेकून विमान तोलावें. शेपूट जड झाल्यास तें आवरत नाहीं. मग दांडी उजवीकडे नेतांच उजव्या पंखाची झडप वर उचलते ना, हें पाहावें. प्रेषकाची शक्ति चाचणीपुरती कमी करून 30 पावलांवरूनहि झडपा हुकूम पाळतात कीं नाहीं, हें तपासावें. शेवटीं विमान घट्ट धरून प्रेषक बंद करावा. पंखा आपोआप थांबलाच पाहिजे. एकहि परीक्षा फसल्यास आम्ही त्या दिवशीं उड्डाण करीत नाहीं. मुलें हिरमुसतात, पण मैदानाच्या कडेला माणसें उभीं असतात. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याची गोष्ट आपणांस ठाऊक आहेच.