स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदारासाठी शुश्रूषा विमा : तपासणीची पूर्वतयारी

स्मृतिभ्रंशाने ग्रस्त झालेल्या पतीची वा पत्नीची सेवा करणे ही सहनशक्तीची कसोटीच असते. जर्मनीमध्ये अशा सेवेला १९९५ पासून सक्तीच्या शुश्रूषा विम्याचा आधार आहे. तेथे स्थायिक होऊन हा विमा भरणाऱ्या मराठी कुटुंबांनाही त्याचा लाभ घेता येतो. मात्र लाभ मंजूर होण्यापूर्वी परीक्षक रुग्णाची तपासणी करतात. तिची तयारी कशी करावी, याविषयी आम्ही येथे माहिती देत आहोत.

आरोग्य विमा संस्थेशी संलग्न असलेल्या शुश्रूषा निधीकडे प्रथम अर्ज करावा. लाभ अर्जाच्या महिन्यापासून मिळत असल्याने विलंब करू नये. त्यानंतर ‘मेडित्सिनिशर डीन्स्ट’ या वैद्यकीय सेवेचा परीक्षक भेटीस येतो. रोगाचे नाव काय, यापेक्षा रुग्ण स्वतःच्या बळावर किती जगू शकतो, हे तो पाहतो.

पूर्वी शारीरिक मदतीला किती मिनिटे लागतात, यावर मुख्य भर असे. त्यामुळे चालता-फिरता येणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर अन्याय होई. २०१७ पासून ही पद्धत बदलली आणि पाच श्रेणी ठरल्या. आता गुण पुढीलप्रमाणे विभागले जातात : हालचाल १० टक्के, आकलन व संवाद किंवा वर्तन व मानसिक अवस्था, यांपैकी ज्यात अडचण अधिक ते १५ टक्के, स्नान, कपडे, जेवण, शौच आदी स्वतःची निगा ४० टक्के, औषधोपचार सांभाळणे २० टक्के, दिनक्रम व सामाजिक संबंध १५ टक्के. शंभरपैकी १२.५ गुणांपासून पहिली, तर २७ गुणांपासून दुसरी श्रेणी मिळते. घरीच शुश्रूषा होत असल्यास दुसऱ्या श्रेणीला दरमहा ३४७ युरो व तिसरीला ५९९ युरो, असे २०२५ चे दर आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हात-पाय धड असूनही ‘आता सदरा घाला, आता बटण लावा’ असे पावलोपावली सांगावे लागत असेल, तर तीही मदतच होय. केवळ लक्ष ठेवून बसावे लागणे, हीदेखील मदत आहे. ती आवर्जून सांगावी.

तयारीचे मुद्दे असे :

१) भेटीपूर्वी एक-दोन आठवडे दैनंदिनी लिहावी. कोणत्या वेळी, कोणती मदत, किती वेळा करावी लागली, हे नोंदवावे. रात्रीचे जागरण, घराबाहेर निघून जाणे, अकारण संताप यांचाही उल्लेख असावा.

२) डॉक्टरांचे अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रे, औषधांची यादी आणि वापरातील साधनांची यादी एकत्र ठेवावी.

३) प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या व्यक्तीने तपासणीच्या वेळी हजर राहावे.

४) घर वा रुग्ण यांना त्या दिवसापुरते मुद्दाम सजवू नये. रोजचे जीवन जसे आहे तसे दिसू द्यावे.

खरी अडचण मात्र कागदपत्रांची नसते. पाहुणा आला की रुग्ण सावरून बसतो, हसून बोलतो आणि ‘माझे मी सगळे करतो’ असे ठामपणे सांगतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला तसेच वाटत असते. अशा वेळी पत्नीचा जीव कासावीस होतो. चारचौघांत पतीची लाज राखावी, हीच तिची आजवरची सवय असते. म्हणून ती मान डोलावते आणि अर्ज फेटाळला जातो.

यावर उपाय आहे. परीक्षकाला काही वेळ एकांतात बोलण्याची विनंती करावी किंवा लिहून ठेवलेली टिपणे त्याच्या हाती द्यावीत. त्यामुळे जोडीदाराचा मान राखला जातो आणि सत्यही दडत नाही. चांगला दिवस व वाईट दिवस, दोन्ही प्रामाणिकपणे सांगावेत. अतिशयोक्ती नको आणि झाकाझाकही नको.

निर्णय सर्वसाधारणपणे अर्जापासून २५ कामकाजाच्या दिवसांत कळवला जातो. तो अन्यायकारक वाटल्यास एका महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येते. त्या वेळी परीक्षकाचा अहवाल आपल्या दैनंदिनीशी ताडून पाहावा.

जोडीदाराची दुर्बलता परक्यासमोर मांडणे म्हणजे त्याच्याशी प्रतारणा नव्हे. सेवा करणारी व्यक्तीच खचली, तर त्याला कोण सांभाळणार? योग्य ती मदत वेळीच मिळवणे, हाही सेवेचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.