थेरपी घरी न्यायची असते

(लेखमाला : सेरेब्रल पाल्सी, लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण निदानापर्यंत आलो. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, सहा महिने झाले तरी मान धरेना, एक हात सतत मुठीत. या सगळ्या खुणा जुळवून डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी हे नाव सांगितलं. त्यानंतर आईवडिलांच्या तोंडून बहुतेक दोनच प्रश्न येतात. ‘चालेल का?’ आणि ‘कुठे न्यायचं?’ पहिल्याचं उत्तर प्रत्येक मुलागणिक वेगळं असतं. आज दुसऱ्याबद्दल बोलू.

शहरात राहणाऱ्या, थोडी ऐपत असलेल्या घरातलं मूल आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जातं. एका वेळेला पाऊण तास. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी दीड तास. उरलेल्या वेळात ते जेवतं, झोपतं, कडेवर बसतं, पलंगावर पडून पंख्याकडे बघतं. त्याचे स्नायू आणि हाडं घडतात ती या उरलेल्या वेळात. म्हणून मला ठामपणे असं वाटतं की ज्या केंद्रातून मूल व्यायाम करून येतं पण आई काही शिकून येत नाही, त्या केंद्राने अर्धंसुद्धा काम केलेलं नाही.

याचं कारण या आजाराच्या स्वभावात आहे. मेंदूला झालेली इजा तेवढीच राहते, ती वाढत नाही. शरीर मात्र वाढतं. हाडं लांब होत जातात आणि ताठर स्नायू त्यांच्या बरोबरीने लांबत नाहीत. वर्षभरापूर्वी सहज सरळ होणारा घोटा मग सरळ होईनासा होतो, टाच जमिनीला टेकत नाही, मांड्या एकमेकींवर कात्रीसारख्या येतात. मेंदूत नवं काही बिघडलेलं नसताना मूल मागे पडताना दिसतं ते यामुळे. दुसरी गोष्ट वेळेची. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात साडेसहाशेहून अधिक मुलांची वाढ मोजून २००२ साली जे आलेख प्रसिद्ध झाले, त्यांतून असं दिसलं की बसणं, उभं राहणं, चालणं या बाबतीत मूल जिथवर पोचू शकतं त्याचा ९० टक्के पल्ला ते साधारण पाचव्या वर्षाच्या आत गाठतं. ज्यांना सगळ्यात जास्त त्रास आहे ती मुलं तर तिसऱ्या वर्षाच्या आतच. आपल्याकडे मात्र ‘मुलगे जरा उशिराच चालतात’, ‘याचा मामाही असाच होता’ असं म्हणत ही वर्षं हातची जातात. वडीलधाऱ्यांचा हेतू धीर देण्याचा असतो, पण बाळाच्या वाट्याचा वेळ त्यात संपतो.

घरी नेण्यासारखी पहिली थेरपी म्हणजे जेवण भरवणं.

कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे दृश्य दिसतं. आई मांडी घालून बसलेली, मूल मांडीवर जवळजवळ आडवं, मान मागे गेलेली. वरण-भात पातळ कालवलेला. चमचा वरून येतो, घास घशाच्या दिशेने ओतला जातो, मूल ठसकतं, हातपाय ताठ करतं, अर्धा घास बाहेर येतो. आई तोंड पुसते आणि पुन्हा चमचा भरते. एकेका जेवणाला तास-तास लागतो, तरी वजन वाढत नाही. अंगणवाडीच्या तक्त्यावर हे मूल कुपोषित म्हणून नोंदलं जातं आणि त्याला आणखी खायला घाला असं सांगितलं जातं. घरात अन्न कमी नाही, ते पोटापर्यंत पोचत नाही, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.

अनुभवी थेरपिस्ट इथे फारसं बोलत नाही. ती मुलाला उचलून भिंतीशी टेकवलेल्या आईच्या उभ्या केलेल्या मांड्यांवर, आईकडे तोंड करून बसवते. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. ‘ताई, चमचा समोरून आणा, खालच्या ओठाला टेकवा आणि थांबा. त्याला ओठ मिटू द्या.’ चमचा लहान आणि सपाट. घास टाळूला किंवा वरच्या दातांना खरवडून काढायचा नाही. वरण-भात घट्टसर, एकजीव, गुठळ्या नसलेला. पातळ पाणी सगळ्यात अवघड, कारण ते गिळण्याची तयारी होण्याआधीच घशात उतरतं. म्हणून नाचणीची घट्ट पेज कितीतरी सोपी जाते. पहिल्या दोन-तीन घासांना मूल गोंधळतं. मग ओठ मिटतात. ‘मॅडम, ठसका लागला नाही,’ एवढंच आई म्हणते. जेवणानंतर अर्धा तास मुलाला बसतं ठेवायचं. जेवताना नेहमी खोकला येत असेल, जेवल्यावर आवाज ओला-घरघरता होत असेल, वरचेवर न्यूमोनिया होत असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, घरच्या घरी निभावून न्यायचं नाही.

उचलण्याचंही तसंच. पाय ताठ जुळणाऱ्या मुलाला दोन्ही हातांवर आडवं झेलून नेलं की ते आणखी ताठतं. आपल्याकडची कडेवर घेण्याची पद्धत अशा मुलासाठी फार चांगली आहे. दोन्ही पाय आईच्या कमरेभोवती फाकतात, गुडघे वाकतात, पाठ उभी राहते, आणि मुलाला जग समोर दिसतं. मूल सात-आठ वर्षांचं झालं की मात्र आईची कंबर त्याचा हिशेब मागते. तोवर चाकाची खुर्ची घरात यायला हवी. ‘खुर्ची आणली म्हणजे आपण हार मानली’ ही समजूत मी अनेक घरांत ऐकली आहे. खुर्ची आल्यावर मूल ओट्यापाशी, अंगणात, शाळेत पोचतं, हे त्याच घरांनी नंतर सांगितलं आहे.

बसण्यासाठी महागडं काही लागतंच असं नाही. गावातला सुतार लाकडी फळ्यांची कोपरा-खुर्ची करून देऊ शकतो. दोन फळ्या काटकोनात, पुढे पाय फाकून ठेवणारा एक खुंट आणि समोर ताट ठेवायला पाट. माप मात्र थेरपिस्टने द्यायला हवं. खुर्ची खोल झाली तर मूल घसरतं, उथळ झाली तर मांड्यांना आधार मिळत नाही. पाठीला, बगलेत लावायला गुंडाळलेली गोधडी पुरते. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी या मुलांसाठी खास खुर्ची बनवते आणि केंद्राच्या एडिप योजनेतून ती मिळू शकते. अर्ज आधी करावा, कारण हातात यायला वेळ लागतो आणि मूल तोवर वाढतं.

मालिशबद्दल स्पष्ट सांगितलं पाहिजे. तेल लावून अंग चोळल्याने मुलाला बरं वाटतं, आईचा स्पर्श मिळतो. पण त्याने हालचाल शिकता येत नाही. थेरपिस्टने पाय वरखाली करायचे आणि मुलाने निपचित पडून राहायचं, याचाही फारसा उपयोग होत नाही. गेल्या काही दशकांचं संशोधन एका बाजूला स्पष्ट झुकलं आहे : मूल स्वतः जे करायचा प्रयत्न करतं, पुन्हा पुन्हा करतं, तेच त्याला येतं. म्हणून ध्येय छोटं आणि त्याच्या दिवसातलं हवं. उजवी बाजू कमजोर असलेल्या मुलीला ‘हात हलव’ म्हणून काही होत नाही. तिच्यासमोर मटाराच्या शेंगा ठेवल्या की एका हाताने धरल्याशिवाय दुसऱ्याने सोलता येत नाही. आजी शेजारी बसून सोलतेय, तिला नातीशी स्पर्धा करायची आहे. अशा अर्ध्या तासात कमजोर हात जितकं काम करतो तितकं एरवी दिवसभरात करत नाही.

आता सेवा कुठे मिळते ते पाहू. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय शारीरिक औषधोपचार आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते आहे. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कारण त्यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती आणि तिच्यासाठी देशात शाळा मिळत नव्हती. उपचार आणि शिक्षण एकाच छताखाली आणणारी ती शाळा पुढे अनेक शहरांतल्या संस्थांची प्रेरणा झाली. पुढे मालिनी चिब यांनी आपलं आत्मकथन टाइप केलं ते एका बोटाने. हा सगळा इतिहास अभिमानाचा आहे, पण तो शहरांचा आहे.

खेड्यांसाठी दार उघडलं ते २०१३ साली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायला फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. विकासात मागे पडलेलं मूल सापडलं की त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान आणि वाचेचे तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका जागी असावेत अशी रचना आहे. योजना नीट विचारपूर्वक केलेली आहे. अडतं ते ‘जिल्ह्याच्या’ या शब्दापाशी. धारणीच्या पुढच्या पाड्यावरून अमरावतीला जायचं तर सबंध दिवस जातो, आईची आणि बहुधा बापाचीही मजुरी बुडते, आणि ताठ अंगाचं मूल एसटीत मांडीवर घेऊन घाट ओलांडावा लागतो. हे आठवड्यातून दोनदा कोण करील? चार-सहा वेळा करून घरं थांबतात आणि केसपेपरवर ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो. तो शेरा अन्यायाचा आहे.

याला वाट आहे आणि ती इतर गरीब देशांनी चालून दाखवली आहे. दक्षिण आफ्रिकेत पालकांना शिकवण्यासाठी ‘हंबिसेला’ नावाचा अभ्यासक्रम तयार झाला. त्याच्या आधारे बांगलादेशात गावपातळीवर पालकांचे गट चालवले गेले. आठ-दहा आया एकत्र बसतात, एका वेळी एक विषय घेतात : भरवणं, उचलणं, बसवणं, खेळणं, बोलणं. शिकवणारी व्यक्ती डॉक्टर असावी लागत नाही, ती नीट तयार केलेली असावी लागते. आपल्याकडे आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, ‘समग्र शिक्षा’ अभियानातून घरी जाऊन शिकवणारे विशेष शिक्षक आहेत. त्यांच्या डोक्यावर कामं आधीच भरपूर आहेत, म्हणून यासाठी वेगळा मोबदला आणि प्रत्यक्ष मुलांवर केलेलं प्रशिक्षण द्यावं लागेल. जिल्ह्याच्या केंद्रातल्या थेरपिस्टने महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावं. हे खर्चाचं काम आहे, पण आज जी कुटुंबं अर्ध्यात सुटतात त्यांच्यावर झालेला खर्च तर पूर्ण वाया जातो.

औषधांबद्दल थोडक्यात. ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेनच्या गोळ्या, ठरावीक स्नायूंत बोटॉक्सचं इंजेक्शन, पायाला स्प्लिंट, गरज पडली तर शस्त्रक्रिया, हे सगळं योग्य मुलाला योग्य वयात उपयोगी पडतं. इंजेक्शननंतरचे काही महिने व्यायाम झाला नाही तर त्याचा फायदा राहत नाही. स्टेम सेलच्या जाहिरातींपासून मात्र दूर राहा. देशातल्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही मान्य आजारांवरची प्रत्यारोपणं सोडली तर स्टेम सेलचा वापर फक्त परवानगी असलेल्या संशोधनातच करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. या नावाखाली शेत विकलेली घरं आहेत.

कागदपत्रांतली दोन कामं लगेच उरकावीत. एक, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड. दुसरं, राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याची नोंदणी. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आधीच्या आजाराची आडकाठी नाही, आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही मिळतो.

शेवटी एक गोष्ट, जी बहुतेक पालकांना कोणी सांगतच नाही. ती म्हणजे खुब्याचा सांधा. मूल जन्मतं तेव्हा खुबा नीट असतो. मांडीचे ताठर स्नायू हाड सतत आत ओढत राहतात आणि हळूहळू मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर सरकू लागतो. सुरुवातीला काहीही दुखत नाही, म्हणून कळत नाही. पुढे मात्र बसणं अशक्य होतं, लंगोट बदलतानाही मूल किंचाळतं. ऑस्ट्रेलियातल्या २००६ च्या अभ्यासात सुमारे एकतृतीयांश मुलांचे खुबे सरकलेले आढळले. स्वतः चालणाऱ्या, सगळ्यात सौम्य गटात एकही नाही, आणि मान-धड न सावरणाऱ्या गटात दहातली नऊ. दक्षिण स्वीडनने १९९४ पासून प्रत्येक मुलावर नेमाने एक्स-रेची नजर ठेवली, सांधा सरकू लागताच उपचार केले, आणि तिथे खुबा पूर्ण निखळणं जवळपास थांबलं. यासाठी कोणतं नवं यंत्र लागलं नाही. साधा एक्स-रे आपल्या ग्रामीण रुग्णालयातही निघतो.

पुढच्या आठवड्यात शाळेबद्दल लिहीन. तोवर एवढं करा : तुमच्या घरात, शेजारी किंवा नात्यात सेरेब्रल पाल्सी असलेलं दोन वर्षांपुढचं मूल असेल आणि ते अजून स्वतःहून चालत नसेल, तर त्याच्या दोन्ही खुब्यांचा एक्स-रे कधी झाला होता ते विचारा. झालेला नसेल किंवा वर्ष उलटून गेलं असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे तो मागून घ्या.