नाव अमेरिकन, मूळ आफ्रिकेतलं, मुक्काम वाघोलीच्या ड्रेनेजमध्ये!

रात्री बाथरूमचा दिवा लावला की जाळीच्या कडेला दोन लांब मिशा हलताना दिसतात. चप्पल हातात येईपर्यंत पाहुणे गायब! मग सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, 'आत्ताच पेस्ट कंट्रोल केलं होतं, मग हे आलं कुठून?'

आलं ते खालून. तांबूस-तपकिरी, जवळपास 4 सेंटिमीटर लांब आणि मानेमागे पिवळसर कडा असलेलं हे झुरळ म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. ओट्याच्या ड्रॉवरमध्ये फिरणारी छोटी झुरळं वेगळी, त्यांना जर्मन झुरळ म्हणतात. मोठ्याला मात्र गटार, चेंबर, सेप्टिक टँक अशा ओल्या, उबदार, अंधाऱ्या जागा लागतात.

गंमत म्हणजे हे अमेरिकेचं नाहीच. मूळ आहे उष्ण आफ्रिकेतलं. 17व्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांतून ते अमेरिकेत पोचलं, लिनियसने 1758 मध्ये नाव दिलं आणि तेच कायम चिकटलं. पुढे व्यापाराच्या मालाबरोबर ते जगभरातल्या उष्ण बंदरांत आणि तिथून शहरांत पसरलं.

वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. पण इमारती त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या, ड्रेनेजचं जाळं मागून येतंय. झुरळाला आणखी काय हवं?

घरात शिरायची मुख्य वाट म्हणजे नहाणी ट्रॅप. त्यात साठलेलं पाणी वास आणि किडे दोन्ही अडवतं. फ्लॅट महिनाभर बंद राहिला की ते पाणी सुकतं आणि दार उघडं! म्हणून गावाहून आल्यावर बाथरूममध्ये मोठं झुरळ हमखास भेटतं.

'चपलेने मारू नका, अंडी घरभर पसरतात' हा फॉरवर्ड तुम्हीही वाचला असेल. तसं होत नाही. मादी साधारण 15 अंडी एका टणक कोशात घालते आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत तो कोश आडोशाला चिकटवून मोकळी होते. खरी अडचण या कोशाचीच. फवारणी सहसा त्याच्या आत पोचत नाही आणि महिना-दीड महिन्यात पिल्लं बाहेर येतात. 'पेस्ट कंट्रोल फसवं निघालं' असं वाटतं ते इथेच.

आणि चप्पल चुकते ती तुमच्या नेमामुळे नाही. 1991 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी या झुरळाचा वेग सेकंदाला दीड मीटर मोजला. पूर्ण वेगात ते चक्क मागच्या दोन पायांवर धावतं!

हे निव्वळ किळसवाणं असतं तर सोडून देता आलं असतं. पण त्याची विष्ठा आणि कात धुळीत मिसळते, त्यातून ॲलर्जी होते आणि लहान मुलांचा दमा बळावतो. गटारातले जंतू पायांवरून थेट भांड्यांपर्यंत येतात ते वेगळंच.

एकट्याने फवारणी करून फारसं साधत नाही, कारण चेंबर सगळ्यांचा एकच. चेंबर आणि सगळे मजले एकाच दिवशी करून घ्या, महिना-दीड महिन्याने पुन्हा एकदा करा. चेंबरचं फुटलेलं झाकण आधी बदला. गावाला जाताना जाळीवर प्लास्टिक ठेवून वर वजन ठेवा, आणि परत आल्यावर आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता.