बाजारातली सडक चालणाऱ्याला कशी पुरेल?

५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्य प्रदेशातले पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळे होऊन जिल्हा झाले. पांढुर्णा आणि सौंसरच्या माणसांची छिंदवाड्याची पायपीट त्याने कमी व्हावी ही अपेक्षा होती, आणि ती रास्तच होती. पण जिल्ह्याचे ठाणे झालेल्या गावात कचेरीच्या कामासाठी बाहेरची वाहने येतात, आणि त्यांचा पहिला भार पडतो तो बाजारावर. म्हणून बाजारातल्या सडकेचा हिशोब आताच मांडायला हवा.

‘सडकच अरुंद, काय करणार?’ असे आपण सहज म्हणून जातो. जरा मापे घेऊन पाहू. समजा, एका दुकानाच्या भिंतीपासून समोरच्या दुकानाच्या भिंतीपर्यंत दहा मीटर अंतर आहे. दोन्हीकडच्या पायऱ्या आणि बाहेर मांडलेला माल मिळून दीड मीटर गेले. मोटरसायकल साधारण दोन मीटर लांब असते. ती सडकेला आडवी लावली की दोन्ही बाजूंचे मिळून चार मीटर संपले. उरले साडेचार मीटर. त्यातच येणारी गाडी, जाणारी गाडी, ऑटो, हातठेला, आणि लेकराचा हात धरून चाललेली बाई. नालीवर फरशी असते, पण एक फरशी वर, दुसरी खाली, तिसरी गायबच. मग कोणीही शहाणा माणूस नाली सोडून सडकेच्या मधूनच चालणार.

तेच दहा मीटर वेगळे वाटून पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. दोन माणसे समोरासमोर आली तरी कुणाला खाली उतरावे लागत नाही. दोन्ही बाजूंचे फुटपाथ मिळून ३.६ मीटर. वाहतूक एकेरी केली तर गाडीला ३.५ मीटर पुष्कळ झाले. एका बाजूला ठेले आणि दुचाक्यांसाठी दोन मीटरची पट्टी. बेरीज ९.१ मीटर. पायऱ्यांसाठी ०.९ मीटर उरतेच, मात्र माल आत घ्यावा लागेल. एकही भिंत न पाडता एवढे साधते.

फुटपाथ बहुधा झाकलेल्या नालीवरच बांधावा लागतो. तो १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. उंच झाला की म्हातारी माणसे चढत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी बारा फुटांना एक फूट असा उतार दिला, तर चाकाची खुर्ची किंवा बाळाची गाडीही सहज चढते. नाली साफ करायची झाकणे फुटपाथशी सपाट बसली पाहिजेत. ठेकेदाराचे काम तपासताना मी तरी आधी हे झाकणच पाहीन.

ठेलेवाल्याला हुसकावले की चालायला जागा होते, हा समज मला पटत नाही. मोकळी झालेली जागा लगेच मोटरसायकली घेतात. उलट गुजरीतला भाजीवाला, संत्र्याचा ठेला, पानठेला यांच्यामुळेच लोक पायी फिरतात आणि संध्याकाळी एकट्या बाईला सडक निर्धोक वाटते. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदाही त्यांच्या बाजूचा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. ही समिती जागेवर येऊन पट्टी आखेल, तर ठेलेवाला आणि चालणारा यांचे भांडण मिटू शकते.

पांढुर्ण्यात आणखी एक पेच आहे. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मधून जाम नदी. ये-जा करायची ती पुलावरूनच. सडकेवर चुकवायला एखादी गल्ली तरी सापडते, पुलावर बाजूला सरायला जागाच नसते. त्यामुळे चालणाऱ्याची वेगळी, कठड्याची वाट सर्वांत आधी पुलाला हवी.

सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे गाव. अशा मार्गावर खरी भीती वेगाची. वेग ताशी ३० किलोमीटरवरून ६० झाला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. जिथे माणसे रोज ओलांडतात तिथे सडकच फुटपाथच्या उंचीएवढी उचलून सपाट पट्टा केला, तर गाडी आपोआप हळू होते. सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमान मंदिरात पायी जाणाऱ्यांसाठी डांबराच्या कडेला पक्की, सपाट बाजूपट्टी हवी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते.

लगेच सिमेंट ओतायची गरज नाही. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांना बंद ठेवते. आपल्याकडे आठवडाभर चुन्याच्या रेघा मारून आणि दोर बांधून वर मांडलेल्या वाटणीचा प्रयोग करता येईल. माल उतरवायची वेळ सकाळी बाजार उघडण्याआधीची ठरवावी. गिऱ्हाईक वाढले की घटले, हे दुकानदारांनाच मोजू द्यावे.

तुम्ही एवढे करा: टेप घेऊन आपल्या गल्लीची रुंदी, पायऱ्या, नाली आणि उभ्या गाड्यांनी अडवलेली जागा मोजा, कागदावर मांडा, आणि कलेक्टर कचेरीतल्या मंगळवारच्या जनसुनावणीत तो कागद देऊन पोच घ्या.