स्वभाव कोणी लिहायचा?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. आम्ही पडलो कचेरीतले कारकून, शिक्षण बी. कॉम.; त्यामुळे गणित आमच्याकडे होतेच. मराठी शिकवणाऱ्या ताईंची बदली झाली आणि तो विषयही आमच्या गळ्यात पडला. पहिल्याच महिन्यात आम्ही सर्वांना ‘श्यामची आई’ वाचायला सांगून आईचे स्वभावचित्र लिहून आणायला सांगितले. अकरा वह्या आल्या. अकराही वह्यांत आई प्रेमळ, कष्टाळू, सोशिक आणि संस्कार करणारी होती, तीही त्याच क्रमाने! सगळे मार्गदर्शकातून उतरवलेले. पुस्तक कोणी उघडलेच नव्हते.

आधी राग आला तो मुलांचा. घरी येऊन विचार केला तेव्हा चूक आमची दिसली. पुस्तक आम्ही ठरवले, प्रश्न आम्ही काढला, उत्तर मार्गदर्शकाने दिले. यात मुलांचे म्हणून काय होते? पुढच्या रविवारी जाहीर केले, ज्याने त्याने आपली कादंबरी आपण निवडायची. कोणती, हे आम्ही सांगणार नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, पुस्तकांची परंपरा जुनी आहे. नगर शहरातले जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर लहान गावांतल्या वाचनालयांनाही सरकारी अनुदान मिळू लागले. आमच्या गावच्या वाचनालयातही कादंबऱ्यांची तीन कपाटे आहेत. मुले कधी तिकडे फिरकली नव्हती एवढेच.

व्हाउचरशिवाय नोंद नाही

शिकवायचे कसे, हा प्रश्न आमच्या नोकरीनेच सोडवला. कचेरीत व्हाउचरशिवाय खर्चाची नोंद होत नाही. तोच नियम आम्ही मुलांना घातला. पात्राला एक विशेषण लावले, की शेजारी पानाचा क्रमांक लिहायचा. त्या पानावर पात्र काय करते, काय बोलते, दुसरे त्याच्याविषयी काय बोलतात, हे वेगवेगळे मांडायचे. आणि एक प्रश्न सर्वांना सारखा : त्या माणसापुढे दोन वाटा होत्या तेव्हा त्याने कोणती धरली, आणि का?

एका मुलाने बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा आणली. वर्गाला मदत करणारे एक ज्येष्ठ बंधू रागावले, “विहारात काळापहाड कशाला?” आम्ही म्हटले, वाचू द्या. तिसऱ्या रविवारी त्या मुलाने वहीत लिहिले होते : “याचा स्वभाव दुसऱ्या पानावर कळतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. त्याला कधी प्रश्नच पडत नाही.” पात्रांचे प्रकार शिकवायला आम्ही फळा भरून टाकला असता, तरी हे इतके नेमके उतरले नसते. नंतर त्याने आपणहून दुसरे पुस्तक मागितले. “ज्याला प्रश्न पडतात असा माणूस द्या,” म्हणाला.

सूताचाच मुलगा असता तर?

दहावीतल्या एका मुलीने शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ निवडली. १९६७ साली निघालेल्या या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडून हकिकत सांगतात. एकच माणूस निरनिराळ्या डोळ्यांनी पाहायला मिळतो, म्हणून स्वभावाच्या अभ्यासाला पुस्तक सोयीचे. तरीही काहींच्या कपाळावर आठी आली. आपल्या मुलीने महाभारतातला नायक का घ्यावा?

तिने वाचून दाखवले तेव्हा वर्ग गप्प झाला. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवतात तेथवर तिला तो आपला वाटला होता. पुढे तिने लिहिले होते : “कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे वाचणाऱ्याला माहीत असते, म्हणून त्याच्यावरचा अन्याय मोठा वाटतो. तो खरोखर सूताचाच मुलगा असता, तर त्याचे शौर्य तेवढेच मोठे धरले असते का?”

आठी घातलेल्या बंधूंनी तिला ते पुन्हा वाचायला सांगितले. निवडायला आम्ही असतो, तर हे पुस्तक तिच्या हाती दिले नसते. मग हा प्रश्नही आला नसता.

सोशिक कोण म्हणते?

नववीतल्या एका मुलीने उद्धव शेळके यांची १९६० सालची ‘धग’ घेतली. विदर्भातल्या गावातली कौतिक ही बाई नवऱ्याचा आधार नसताना, आणि पुढे त्याला महारोग झाल्यावरही, राबून संसार ओढते. मुलीने सवयीने लिहिले, “कौतिक सोशिक आहे.” आम्ही व्हाउचर मागितले. आठवडाभर शोधून तिने ते विशेषण खोडले. म्हणाली, “सर, ती सोसते खरी, पण गप्प बसत नाही. भांडते, स्वतः ठरवते. मग सोशिक कशी?” थोडे थांबून पुढे बोलली, “माझ्या आईलाही सगळे सोशिक म्हणतात. तिला कोणी विचारलंय?”

तिची आई कांद्याच्या खुरपणीला जाते. पुढच्या रविवारी ती माउली दाराशी उभी. “पोरीनं माझ्यावर काय लिहिलंय वो?” मुलीने ‘धग’वरची टिपणे वाचून दाखवली. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, “बरोबर हाय. मीबी लई भांडते, पण घरात कोणाला ऐकू येत न्हाई.” मुलगी वहीत मान घालून बसली होती. त्या दिवशी ती कादंबरीपेक्षा अधिक काही वाचून घरी गेली.

दगडू आणि दया

एका मुलाने दया पवारांचे ‘बलुतं’ आणले. १९७८ सालचे हे पुस्तक कादंबरी नव्हे, आत्मकथन. पण लेखक आपल्या जिल्ह्याचे. अकोले तालुक्यातल्या धामणगावी १९३५ साली त्यांचा जन्म झाला. म्हणून नियम मोडला. पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, आणि दोघेही एकच. मुले चक्रावली. मग एकाने सांगितले, “शिकून बदललेला माणूस आपल्याच जुन्या रूपाला भेटतोय.” स्वतःचाही स्वभाव तपासता येतो, हे मुलांना तेथे कळले.

हे परीक्षेपुरते नाही

वाचकहो, आपल्या लोकांचा स्वभाव शतकानुशतके दुसऱ्यांनी लिहिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. पुराव्याशिवाय चिकटवलेले विशेषण काय करू शकते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. “याचे पान कोणते?” असे विचारायला शिकलेला मुलगा उद्या अशी विशेषणे मुकाट्याने घेणार नाही, आणि दुसऱ्याला लावतानाही थबकेल.

“कादंबऱ्या वाचून पोरे बिघडतात,” असे काही पालक अजून म्हणतात. त्यांनी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव आठवावा. मुलगा आपणहून वाचताना दिसला म्हणून केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले, आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनी बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. आधी मुलाची आवड, मग वडीलधाऱ्याचा हात, हाच क्रम योग्य.

पालकांनी फार काही करायचे नाही. मुलांची नावे वाचनालयात घालावीत, निवडीवरून रागावू नये, आणि रात्री जेवताना एवढेच विचारावे, “तुझ्या पुस्तकातल्या माणसाने आज काय केलं?”

आमच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला. वाचनालयातून आमच्या नावावर अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ घेऊन गेला होता. १९५९ सालची ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. पुस्तक परत येते की नाही, या विचाराने आम्ही अनामत मनातल्या मनात खर्ची टाकली होती. कारखाना बंद झाल्यावर तो आला. पुस्तकाला चुलीच्या धुराचा वास आणि आत घडी केलेला एक कागद. त्यावर लिहिले होते : “फकिरा शेवटी हरला असे म्हणू नये. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. पळून जाता आले असते. पण त्याची माणसे सरकारने धरून ठेवली होती, म्हणून तो स्वतः हजर झाला.” खाली पानाचा क्रमांकही होता.

त्याची शाळा पाच महिने बुडाली होती. आता तो दहावीचा फॉर्म भरतो आहे. त्याला रविवारखेरीज आणखी दोन संध्याकाळी शिकवायला कोणी पुढे आले, तर आम्हाला हवेच आहे.