हेड ऑफिस कुठे आहे?

1980च्या दशकात मी बँकेत अधिकारी झालो, तेव्हा प्रशिक्षणाला येणाऱ्या व्याख्यात्यांच्या बॅगेत एक पुस्तक हमखास असे. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’. पुस्तक 1952 सालचं, पण फोर्टच्या फुटपाथवर त्याला मरण नव्हतं. मीही एक प्रत घेतली. थकीत कर्जाच्या वसुलीला निघण्यापूर्वी दोन पानं वाचत असे. वसुली काही वाढली नाही; पण पीलसाहेब म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारा, हसतमुख गृहस्थ, अशी प्रतिमा मनात पक्की झाली.

पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतल्या 1960च्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी वाचत होतो, तर हेच पीलसाहेब भलत्याच ठिकाणी भेटले. 7 सप्टेंबर 1960 रोजी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात सुमारे दीडशे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि पुढारी जमले होते. पील त्यांचे प्रवक्ते झाले. सभेच्या निवेदनाचा मथितार्थ असा, की जॉन केनेडी रोमन कॅथलिक आहेत; असा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, तर त्याच्या चर्चच्या दबावापुढे तो टिकेल का?

ख्रिस्ती म्हटलं, की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर एकच क्रूस, एकच नाताळ येतो. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात युरोपात किती रक्त सांडलं, हे आपण शाळेत पाठ करून विसरलेले असतो. अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मतदाराचा केनेडींना प्रश्न ‘येशूला मानतोस का’ असा नव्हताच. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर तो विचारत होता, ‘तुझं हेड ऑफिस कुठे आहे?’ शाखेत जन्म घालवलेल्याला हा प्रश्न लगेच कळतो. मॅनेजर कितीही भला असो, वरून परिपत्रक आलं, की त्याचा शब्द संपला. परिपत्रक रोमहून आलं तर?

या प्रश्नानं 1928 साली आल स्मिथ या न्यूयॉर्कच्या कॅथलिक गव्हर्नरला घेरलं होतं. हर्बर्ट हूवर जिंकले ते 444 विरुद्ध 87 प्रतिनिधी-मतांनी. भरभराटीचा काळ, दारूबंदीचा वाद अशी इतरही कारणं होती. पण वर्षानुवर्षं डेमोक्रॅट पक्षाला मत देणारी दक्षिणेतली टेक्सस आणि व्हर्जिनियासारखी राज्यंही त्या वर्षी पक्षाला सोडून गेली, हे विसरता येत नाही.

केनेडी 12 सप्टेंबर 1960 रोजी ह्यूस्टनच्या राइस हॉटेलात प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर स्वतःहून जाऊन उभे राहिले. मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगानं कॅथलिक आहे, असं त्यांनी सांगितलं. चर्चची आणि राज्याची चूल पूर्ण वेगळी हवी; सदसद्विवेक किंवा राष्ट्रहित यांपैकी एक मोडावं लागेल अशी वेळ आलीच, तर मी पद सोडीन, हेही सांगितलं. नंतर प्रश्नोत्तरं झाली आणि ती गोडीगुलाबीची नव्हती. अमेरिकेच्या राज्यघटनेचं सहावं कलम सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घ्यायला मनाई करतं. पण ते कलम सरकारला बांधतं. मतदानाच्या पडद्याआड उभ्या असलेल्या माणसाला कोण बांधणार?

पील आणि मंडळींना निव्वळ कोत्या मनाचे म्हणून निकालात काढणं सोपं आहे. पण त्यांची शंका हवेतली नव्हती. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेच्याच ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावरच्या कॅथलिक बिशपांनी पत्रक काढलं. गव्हर्नर लुईस मुन्योस मारीन यांच्या पक्षाला कॅथलिकांनी मत देऊ नये, असा आदेश. संततिनियमनाविषयीचं पक्षाचं धोरण हे एक मोठं कारण. झालं! ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणायला केनेडींच्या विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. परिपत्रक खरोखरच आलं होतं, आणि तेही मतदानाला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले असताना.

मग काय झालं? बहुसंख्य कॅथलिक वस्तीच्या त्या बेटानं मुन्योस मारीन यांनाच मोठ्या बहुमतानं निवडून दिलं. पत्रक वाचलं, घडी घालून ठेवलं आणि मत हवं तिथं दिलं. भीती घालणाऱ्या बिशपांना आणि भ्यालेल्या प्रॉटेस्टंटांना, दोघांनाही श्रद्धाळू माणसाचा हा हिशेब जमला नव्हता.

केनेडी सव्वा लाखाहूनही कमी मताधिक्यानं जिंकले. एकूण मतं होती पावणेसात कोटींहून अधिक. गंमत अशी, की गॅलपच्या पाहणीनुसार चारांतल्या तीनांहून अधिक कॅथलिकांनी त्यांना मत दिलं. आधीच्या निवडणुकीत यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी रिपब्लिकन आयझेनहॉवर पसंत केले होते. ‘आपला माणूस’ म्हणून मत देण्याला मात्र कोणी कोतेपणा म्हणालं नाही.

त्या निवडणुकीतला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचे वडील, अटलांटातले बॅप्टिस्ट पाद्री. केनेडी कॅथलिक म्हणून आपण निक्सनना मत देणार, हे त्यांनी उघड सांगितलं होतं. ऑक्टोबरात मुलगा जॉर्जियाच्या तुरुंगात पडला. केनेडींनी गरोदर सुनेला फोन करून धीर दिला. मुलगा सुटला आणि म्हातारा बदलला. माझ्या सुनेचे डोळे पुसायला जो पुढे येतो, तो कॅथलिक का असेना, माझं मत त्याला, अशा अर्थाचं ते बोलले. त्यावर केनेडींचा खासगीतला शेरा सांगतात, की किंगसारख्या माणसाचा बाप असा पूर्वग्रहाचा असावा! आणि लगेच पुढे, असो, बाप तर आपल्या सगळ्यांनाच असतात. आपल्याच वडिलांविषयी लोक काय बोलतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

पुढची गोष्ट भरभर सांगतो. 2012 साली रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार मिट रोमनी मॉर्मन होते. अनेक इव्हँजेलिकल ख्रिस्ती त्या पंथाला ख्रिस्तीच मानत नाहीत. त्या ऑक्टोबरात रोमनी वृद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांना भेटून आले, आणि ग्रॅहम यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर मॉर्मन पंथाची भ्रामक पंथांत केलेली गणना गुपचूप उतरली. धर्मशास्त्र चार दिवसांत बदललं नव्हतं. बायडन 2020 साली दुसरे कॅथलिक अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा तर उलटंच. रोमचं ऐकतील ही भीती मागे पडली होती. चर्च गर्भपाताविरुद्ध असताना ते त्याच्या हक्काच्या बाजूनं, म्हणून 2021 साली त्यांच्याच बिशपांत वाद, की यांना पवित्र प्रसाद द्यावा की नाही! हेड ऑफिसचीच तक्रार, की शाखा परिपत्रक पाळत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये आयोवात एका मतदारानं विवेक रामस्वामींना सरळ विचारलं, की तुमचा धर्म या देशाच्या संस्थापकांचा धर्म नाही, असं म्हणणाऱ्यांना काय सांगाल? मी हिंदू आहे आणि ते लपवणार नाही, असं ते म्हणाले. ख्रिस्ती धर्माचा प्रसार करायला मी योग्य अध्यक्ष नाही, पण ते अध्यक्षाचं कामही नाही, असंही म्हणाले. महिन्याभरानं आयोवात ते चौथे आले. कारणं अनेक असतील. ती चित्रफीत आमच्या घरात सगळ्यांनी पाहिली. सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, किती उद्धट प्रश्न!’ मी मान डोलावली. रात्री मात्र झोप लागेना.

अधिकारी होण्यापूर्वी मी कारकून होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या पतपेढीची निवडणूक होती. खजिनदारकीला वसईचा एक ख्रिस्ती सहकारी उभा होता. त्याच्या हिशेबात पैसा इकडचा तिकडे होत नसे. समोरच्या उमेदवाराला रजेच्या अर्जावरची तारीखही धड लिहिता येत नव्हती, पण तो ‘आपल्यातला’ होता. मी त्यालाच मत दिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, कुठलं परिपत्रक आलं नव्हतं. आयोवातल्या त्या माणसानं निदान उभं राहून प्रश्न तरी विचारला. मी वसईकराला काहीच विचारलं नाही.

तो अकरा मतांनी पडला. दुसऱ्या दिवशी माझ्या रोकडीत तेरा रुपयांचा फरक येत होता. संध्याकाळी साडेसहापर्यंत माझ्या शेजारी बसून तो त्यानंच शोधून दिला.