कोणती गाडी घ्यावी?

समजा तुमचे मामू पंधरा वर्षे कुवेतमध्ये नोकरी करून श्रीवर्धनला परत आले आहेत. आता त्यांना एक गाडी घेऊन प्रवासी वाहतुकीचा धंदा करायचा आहे. गिऱ्हाईक कोण, हे त्यांना ठाऊक आहे. आखाती देशांत जाणारे-येणारे लोक, त्यांना विमानतळावर पोचवायला निघालेले नातेवाईक, लग्नाचे वऱ्हाड आणि सुट्टीत दिवेआगर, हरिहरेश्वर पाहायला येणारे पर्यटक. पैसे मात्र एकाच गाडीपुरते आहेत. त्यांतले निम्मे घामाचे आणि निम्मे बँकेच्या कर्जाचे. निवड चुकली तरी कर्जाचा हप्ता काही चुकत नाही.

मामूंच्या मनात दोन गाड्या आहेत, फोर्स ट्रॅव्हलर आणि टाटा विंगर. दोन्ही मध्यम आकाराच्या, डिझेलवर चालणाऱ्या, दहा-पंधरा माणसे सहज नेणाऱ्या. आपण त्यांच्याबरोबर बसून विचार करू या.

आधी या गाड्यांची थोडी ओळख. 'टेम्पो' हा शब्द तुम्ही रोज वापरता. तो मुळात जर्मनीतील एका वाहन कंपनीच्या गाड्यांचे नाव होता. 1958 साली बजाज टेम्पो या कंपनीने त्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने आपल्याकडे तीनचाकी टेम्पो बनवायला सुरुवात केली. पुढे त्याच कंपनीने मॅटाडोर ही चारचाकी गाडी काढली आणि 1987 साली ट्रॅव्हलर आणली. 2005 साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण लोकांच्या तोंडी अजून 'टेम्पो ट्रॅव्हलर'च आहे. विंगर वयाने लहान. टाटा मोटर्सने ती 2007 साली बाजारात आणली. तिची घडण फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या एका व्हॅनवरून घेतलेली होती.

दुकानात उभ्या असताना दोन्ही गाड्या छानच दिसतात. खरा फरक डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी आहे. दोघींचेही इंजिन पुढेच असते. परंतु ट्रॅव्हलरमध्ये इंजिनाची ताकद गाडीखालून जाणाऱ्या लांब दांड्याने मागच्या चाकांना मिळते, म्हणजे मागची चाके गाडी ढकलतात. विंगरमध्ये ती ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि पुढची चाके गाडी ओढतात.

यामुळे काय होते? विंगरला तो लांब दांडा नको असल्यामुळे तिचा तळ खाली ठेवता येतो. गुडघे दुखणाऱ्या दादीला चढताना कोणाचा हात धरावा लागत नाही. प्रवासी वाहतुकीत ही लहान गोष्ट नव्हे. म्हातारी माणसे एकदा सुखाने बसली की पुढच्या वेळी तीच गाडी बोलावतात. शिवाय गाडी रिकामी असेल तेव्हा इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडते, त्यामुळे ओल्या सपाट रस्त्यावर चाकांची पकड चांगली राहते.

आता गाडी भरा. बारा माणसे आणि मागे विमानतळावरून आणलेल्या जड बॅगा. (कुवेतहून येणारा माणूस किती सामान आणतो, ते तुम्हांला सांगायला नको!) अशी भरलेली गाडी म्हसळ्याजवळचा घोणसे घाट चढू लागली की तिचे वजन मागच्या बाजूला झुकते. मागची चाके रस्त्यावर घट्ट दाबली जातात आणि पुढची थोडी हलकी होतात. ट्रॅव्हलरची ताकद मागच्या चाकांत असल्यामुळे हे ओझे तिच्या उपयोगी पडते. विंगरची ताकद मात्र हलक्या झालेल्या पुढच्या चाकांत असते. पावसाळ्यात चढावर लाल चिखल आला असेल, तर ती चाके जागच्या जागी फिरण्याची शक्यता अधिक. याचा अर्थ विंगर घाट चढत नाही असा नाही. भरलेली गाडी, ओला रस्ता आणि उभा चढ ही तिन्ही एकत्र आली, की तिच्या चालकाला अधिक जपावे लागते.

मामूंचा रस्ता कसा आहे? श्रीवर्धनहून म्हसळा, माणगाव, मग मुंबई-गोवा महामार्गाने कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल. या महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर भागाचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. तेव्हा खड्ड्यांचा हिशेबही धरावा लागतो. मामू अलिबागला राहत असते आणि रोज पेणपर्यंत नोकरदारांना नेत असते, तर मी विंगरला कौल दिला असता. कार्लेखिंड सोडली तर त्या वाटेवर मोठा चढ नाही.

कधी मुरूडला जायचे झाले, तर दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. भरतीच्या वेळी बोट धक्क्याजवळ उंच तरंगते आणि गाडी सहज आत जाते. ओहोटी असली की उतार वाढतो. अशा वेळी गाडी जितकी लांब आणि बुटकी, तितका तिचा पुढचा किंवा मागचा भाग घासण्याचा धोका जास्त. दोन्ही गाड्या कमी-अधिक लांबीच्या मिळतात. चार जागा जास्त मिळतात म्हणून सर्वांत लांब गाडी घेण्याचा मोह मामूंनी टाळावा.

इंधनाचा हिशेब तुम्हीच करून द्या. समजा एक गाडी लीटरला 10 किलोमीटर जाते आणि दुसरी 12. वर्षाला 40,000 किलोमीटर फिरायचे असेल तर पहिलीला 4,000 लीटर डिझेल लागेल, दुसरीला सुमारे 3,333. फरक 667 लीटरचा. डिझेल 90 रुपये लीटर धरले तर हे साठ हजार रुपये झाले! म्हणून जाहिरातीतला आकडा धरू नये. भरलेल्या गाडीत, घाटात, एसी चालू असताना काय पडते, ते त्याच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला विचारावे.

आणि गंज. किनाऱ्यावरची हवा खारी. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि ओला पत्रा लवकर गंजतो. चाकांवरची कमान, दारांच्या खालच्या कडा आणि गाडीचा तळ येथे गंज आधी धरतो. गाडी कोणतीही असो, आठवड्यातून एकदा तरी तिचा तळ गोड्या पाण्याने धुवायला हवा. गंजलेली गाडी पेणच्या आरटीओत पासिंगला अडते. नव्या व्यावसायिक गाडीची ही तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते.

माझे मत विचाराल तर श्रीवर्धनच्या मामूंनी आखूड लांबीची ट्रॅव्हलर घ्यावी. पण सही करण्यापूर्वी त्यांनी माणगावच्या दोन-तीन गॅरेजांत जाऊन एक प्रश्न जरूर विचारावा: शुक्रवारी संध्याकाळी गाडी बंद पडली आणि शनिवारी सकाळी वऱ्हाड न्यायचे आहे, तर हिचा सुटा भाग तुमच्याकडे आहे का? मेकॅनिकने विंगरचा भाग फळीवरून काढून दाखवला आणि ट्रॅव्हलरचा पनवेलहून मागवावा लागेल म्हणाला, तर मी माझे मत बदलीन.